सुभेदारांच्या घरातला भीमराव



आपण धम्मदीक्षा घेतली. त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरवला आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. हे धाडसाचे काम आहे आणि त्याबद्दल आपले अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु ज्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराची खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते. या वयातले मूल आईबाप काय सांगतात ते ऐकते कमी आणि ते काय करतात ते पाहते जास्त. भिंतीवरची तसबीर बदलली तरी घरातली वागणूक जुनीच राहिली, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी शिक्षक आहे. नववी-दहावीच्या वर्गात अशी मुले माझ्यासमोर रोज बसतात. त्यांचे घर कसे आहे, हे त्यांच्या कपड्यांवरून कळत नाही. उभे राहून प्रश्न विचारताना त्यांचा आवाज कसा लागतो, त्यावरून कळते.

चवदार तळे, पुणे करार, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी, हे सारे आपल्याला पाठ आहे. पण चौदा-पंधरा वर्षांचा भीमराव कोणत्या घरात वाढत होता, त्याला तिथे काय मिळाले आणि काय सोसावे लागले, हे आपण आपल्या मुलांना क्वचितच सांगतो. आज मला तेच आपणांस सांगायचे आहे.

शिस्तीचे घर

भीमरावांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. रामजींचे वडील लष्करात होते आणि रामजीही लष्करातच गेले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम करून सुभेदार पदापर्यंत ते चढले. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. आई भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांच्या माहेरची मंडळीही लष्करात सुभेदार-मेजर होती. म्हणजे ज्या समाजाला गावात पाटी-पेन्सिलीला हात लावू देत नव्हते, त्या समाजातले हे घर लष्करामुळे लिहिते-वाचते झालेले होते. भीमराव हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. त्यांतली बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव एवढीच जगली.

रामजी कबीरपंथी होते. दारू-मांसाला या घरात थारा नव्हता. सकाळ-संध्याकाळ सर्व मुलांनी भजनाला बसलेच पाहिजे, असा सुभेदारांचा दंडक होता आणि त्यातून कोणाची सुटका नव्हती. पेन्शनीत निघाल्यावर ते काही काळ दापोलीला राहिले आणि मग नोकरीसाठी साताऱ्यास आले. तिथे १८९६ साली भीमाबाई गेल्या. भीमराव त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचे होते. मुलांचा सांभाळ वडिलांची बहीण मीराबाई हिने केला. ही आत्या अंगाने अधू होती, पण मायेने भरलेली होती. आईवेगळ्या धाकट्या भिवावर तिचा विशेष जीव होता.

बाहेरचे जग आणि घरातले जग

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर त्यांना बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी आणायचे आणि सकाळी पुन्हा न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हा पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही.

गावातला न्हावी या घरच्या मुलांचे केस कापत नसे, परीट कपडे धूत नसे. धुलाईचे पैसे द्यायची ऐपत सुभेदारांना होती, पण पैसे घेऊनही कोणी कपडे धुवायला तयार नव्हते. मग घरातच थोरली बहीण भावांचे केस कापी आणि बहिणीच कपडे धूत. जगाने नाकारलेले काम बहिणींनी हाती घेतले आणि भाऊ शाळेत जाताना नीटनेटका राहील याची काळजी घेतली. स्वाभिमान हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी भीमरावांनी तो बहिणींच्या हातांत पाहिला.

१९०१ सालची हकीकत आपल्याला माहीत असेल. रामजी गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. इंग्रजी धाटणीचे सदरे, नव्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे अशा थाटात ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नाही, कारण येत असल्याचे मुलांचे पत्र नोकराच्या चुकीने रामजींना मिळालेच नव्हते. ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. गाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि मुलांनी स्वतः बैल हाकायचे, गाडीवान बरोबर पायी चालणार, अशी तोड निघाली. वाटेत पाणी मिळाले नाही. बरोबर जेवण असून पाण्यावाचून ते खाता आले नाही. नऊ-दहा वर्षांच्या भिवाच्या मनावर त्या रात्रीचा कायमचा ठसा उमटला.

यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. सुभेदारांची मुले त्या दिवशी लाचारासारखी निघाली नव्हती. घराने त्यांना ताठ मानेने, स्वच्छ आणि चांगल्या कपड्यांत प्रवासाला धाडले होते. अपमान जगाने केला. घराने आधीच त्यांना सांगून ठेवले होते की तुम्ही कोणाहून कमी नाही. म्हणूनच त्या अपमानाची भिवाला लाज वाटली नाही, चीड आली. मुलाने अपमानाने खाली मान घालायची की मान वर करून कारण विचारायचे, हे बहुतांशी घरात ठरते.

घरातली जखम

सुभेदारांचे घर म्हणजे सर्व काही गोड होते, असे मी आपल्याला सांगणार नाही. तसे सांगणे बाबासाहेबांच्या सत्यप्रेमाला शोभणार नाही. भीमाबाईंच्या मागे रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आई घरात आली आणि आपल्या आईचे दागिने तिच्या अंगावर पाहून भिवाचे मन फार दुखावले. वडिलांच्या पैशावर जगायचेच नाही, असे त्याने ठरवले. साताऱ्याची मुले मुंबईच्या गिरणीत काम करतात हे त्याने ऐकले होते. मुंबईला पळून जाण्यासाठी भाडे हवे होते. आत्या कमरेला पैशाची पिशवी बांधून झोपत असे. तीन रात्री त्याचा प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर तिच्यात निघाला अर्धा आणा!

अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? त्या मुलाला स्वतःचीच लाज वाटली. चोरी आणि पळून जाण्याचा विचार त्याने टाकून दिला. उनाडक्या सोडायच्या आणि इतका अभ्यास करायचा की लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, असा निश्चय त्याने केला. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः सांगितला आहे, लपवला नाही.

बंधूंनो, चांगल्या घरातही मूल दुखावते. आपण मोठ्यांनी घेतलेला एखादा निर्णय त्याच्या काळजाला लागलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा वेळी मूल परत येते ते घरात कोणीतरी मायेचे असते म्हणून. भिवाच्या घरात आत्या होती.

डबक चाळीतली खोली

१९०४ च्या सुमारास सुभेदार कुटुंबासह मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली. तिच्यात भांडीकुंडी, सरपण, जाते आणि चुलीचा धूर. जवळच शेळी बांधलेली. चाळीत दिवसरात्र गलका. याच खोलीत पुढे जगातल्या मोठ्या विद्वानांत गणला गेलेला माणूस अभ्यास करीत होता.

सुभेदारांनी यावर उपाय शोधला. भीमरावाने संध्याकाळी लवकर झोपायचे. वडील स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजता ते मुलाला उठवत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. चाळ झोपलेली असे आणि चिमणीच्या उजेडात मुलगा वाचत बसे. पेन्शनीत निघालेला, थकलेला म्हातारा माणूस रोज रात्री दोनपर्यंत केवळ मुलाला उठवण्यासाठी जागतो! अभ्यास कर, अभ्यास कर, असे सांगणारे बाप पुष्कळ असतात. मुलाच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप वाटून घेणारा बाप विरळा. भाषांतर आणि गणित सुभेदारांनी स्वतः शिकवले. भीमरावांचे पुढचे इंग्रजी ज्या पायावर उभे राहिले, तो पाया वडिलांनी घातला होता.

पुस्तकांचे वेड मुलाला लागले. शाळेची पुस्तके सोडून इतरच पुस्तकांची मागणी तो करू लागला. सुभेदारांची पेन्शन महिना पन्नास रुपये. पण मुलाने पुस्तक मागितले आणि त्यांनी नाही म्हटले, असे झाले नाही. पैसे नसले की ते लग्न झालेल्या धाकट्या मुलीकडे जात आणि उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जाऊन तिचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत देत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शिक्षण सोडले आणि नोकरी धरली, म्हणून धाकट्याचे शिक्षण चालू राहिले.

भगिनींनो, इथे आपण क्षणभर थांबू या. भीमरावांच्या पुस्तकांमागे बहिणींचे दागिने होते, पण त्या बहिणींच्या वाट्याला भावासारखे हायस्कूल-कॉलेजचे शिक्षण आले नाही. तो काळच तसा होता. आज मात्र ज्या बौद्ध घरात मुलाच्या क्लासची फी भरली जाते आणि मुलीला दहावीनंतर घरी बसवले जाते, त्या घराला काळाकडे बोट दाखवता येणार नाही.

बापाला विचारलेला प्रश्न

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहीत आहे, त्याकडे येतो. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केला आहे.

भीमराव शाळेत परीक्षा पास झाले, तेव्हा वस्तीतल्या लोकांना अपार आनंद झाला. त्यांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले. सुभेदारांनी परवानगी नाकारली. एवढ्याशा यशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. मग मंडळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. दादा केळुसकर हे लेखक व शिक्षक, आणि सुभेदारांचे स्नेही. त्यांनी रामजींचे मन वळवले. सभा झाली आणि तीत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र मुलाला भेट दिले. ते पुस्तक भीमरावांनी वाचले आणि त्यांच्या मनात एक नवे दार उघडले.

सुभेदारांच्या घरात मुलांनी रामायण-महाभारत वाचलेच पाहिजे, असा नियम होता. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाला प्रश्न पडला: ज्या ग्रंथांत वरच्या वर्णांचा गौरव आहे आणि शूद्रांना खाली लेखले आहे, ते ग्रंथ वडील आपल्याला वाचायला का लावतात? बुद्धाबद्दल त्यांनी आपल्याला कधीच का सांगितले नाही? एके दिवशी त्याने हे वडिलांना विचारलेच. सुभेदारांना प्रश्न आवडला नाही. तुम्ही अजून पोरे आहात, सांगितले ते करा, असे म्हणून त्यांनी त्याला गप्प केले. घरात त्यांच्या शब्दापुढे कोणाचे चालत नसे. आईवेगळा म्हणून भीमरावालाच काय ती थोडी सवलत होती.

काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि या वेळी वाचकहो, सुभेदार उत्तराची तयारी करून बसले होते! त्यांनी सांगितले की आपण अस्पृश्य, त्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे; तो जावा म्हणून मी हे वाचायला सांगतो. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती उंच गेले ते पाहा, वाल्मीकी कोळी असून महाकवी झाला ते पाहा.

उत्तरात तथ्य आहे हे मुलाला जाणवले, पण त्याचे समाधान झाले नाही. भीष्म आणि द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरे, कृष्णाचे कपट आपल्याला पटत नाही, रामाने सीतेशी केलेले वर्तन तर मुळीच पटत नाही, असे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. सुभेदार ऐकत राहिले. त्यांनी उत्तर दिले नाही. मुलाच्या मनात बंड उभे राहिले आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी हात उगारला नाही, पुस्तके हिसकावली नाहीत, रात्री दोनला उठवणे बंद केले नाही.

त्या गप्प राहण्याला फार मोठी किंमत आहे. भीमराव बुद्धाकडे कसे वळले, हे सांगताना बाबासाहेबांनी याच प्रसंगाकडे बोट दाखवले आहे. एका किशोराने बापाला दोनदा विचारलेल्या प्रश्नाचा धागा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांच्या दीक्षेपर्यंत पोचतो. सुभेदारांनी मुलाला आपले मत दिले, पण त्या मतात त्याला कोंडून ठेवले नाही. आणि मुलाने बापाचे मत सोडले, तरी त्याचे देणे सोडले नाही. वडिलांच्या घरातला कबीर बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत बुद्धानंतर मानला. शील, वाचन, व्यसनांचा तिटकारा, वेळेची शिस्त, हे सारे त्या घरचेच.

शेवटची भेट

पुढचे थोडक्यात सांगतो. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकू दिले नाही, तेव्हा भीमराव फारशी शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण, फार नव्हेत. कमी गुणांनी खचणाऱ्या आपल्या मुलांना हा आकडा जरूर सांगा. याच सुमारास भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली ते बी. ए.च्या परीक्षेत उत्तीर्ण झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचायला उशीर झाला. मुलाची वाट पाहत असलेल्या सुभेदारांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ते वैभव पाहायला सुभेदार राहिले नाहीत. परंतु १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या शिक्षणासाठी सोसलेल्या त्यागाची कृतज्ञता म्हणून तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

आपल्या घरासाठी

तथागतांना राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण भेटला होता, त्याची गोष्ट आपण सिगालोवाद सुत्तात वाचतो. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून तो रोज ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करी. का करतो, हे त्याला माहीत नव्हते. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, असे सांगून त्यांनी त्या दिशांना अर्थ दिला. मुलाला पापापासून आवरणे, चांगल्याकडे लावणे, विद्या-कला शिकवणे, योग्य वेळी योग्य विवाह करून देणे आणि वेळेवर वारसा हाती देणे, ही आईबापांची पाच कर्तव्ये त्यांनी सांगितली. सुभेदारांनी वारसा दिला तो पैशाचा नव्हता. पन्नास रुपयांच्या पेन्शनीत कसला पैसा?

आपली मुलेही उद्या आपल्याला विचारतील. कदाचित आजच विचारत असतील. वंदनेतल्या पाली शब्दांचा अर्थ काय? बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग आजी गावाकडे गेल्यावर जत्रेला का जाते? बौद्ध झालो, मग लग्न जुळवताना पोटजात का पाहता? जयभीम म्हणणारे काका दारू का पितात? हे प्रश्न बोचतात. पोरगे शेफारले, असे म्हणून ते उडवून लावण्याचा मोह होतो. पहिल्या वेळी सुभेदारांनाही तो झाला होता.

तेव्हा दुसऱ्या वेळेची तयारी करा. उत्तर येत नसेल तर विहारात जा, भंतेजींना विचारा, ग्रंथ उघडा, मुलालाच शेजारी बसवून वाचायला सांगा. आपले शिक्षण कमी आहे म्हणून संकोच करू नका. आणि प्रश्न आपल्याच वागण्याकडे बोट दाखवीत असेल, तर मुलाला गप्प करण्यापेक्षा वागणे बदला. मूल आपल्यापेक्षा पुढचे बोलू लागले तर भिऊ नका. आजच्या आपल्या घरांत डबक चाळीपेक्षा जागा मोठी आहे, दिवाबत्ती चांगली आहे, पुस्तके स्वस्त आहेत. परीक्षेच्या दिवसांत टीव्ही आणि मोबाईल बंद करून आईबाप मुलाजवळ तासभर बसले, तरी सुभेदारांच्या जागरणाचा थोडा अंश आपल्या घरात उतरेल.

आज रात्री जेवणानंतर ही हकीकत आपल्या मुलामुलींना वाचून दाखवा. वाचून झाल्यावर त्यांना काय विचारायचे आहे ते विचारू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!